उंची, वजन, पोटाचा घेर आणि सीएसएफ: स्पायनलचा डोस मोजपट्टीवरून ठरवता येईल का?

निवासी_लातूर (प्रश्न)

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. मी भूलशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असून प्रबंधाचा विषय निश्चित करण्याच्या टप्प्यावर आहे. माझा प्रश्न पुढील दोन रुग्णांमुळे निर्माण झाला.

एकाच सकाळी सिझरसाठी दोन महिला आल्या. दोघींना स्पायनल, म्हणजे कमरेत सुई देऊन मणक्यातील पाण्यात औषध सोडण्याची भूल, द्यायची होती. पहिली ऊसतोडीवरून परतलेली, १४२ सेंटिमीटर उंचीची आणि ४३ किलो वजनाची होती. उंची कमी म्हणून तिला ०.५ टक्के हेवी (मणक्यातील पाण्यापेक्षा जड केलेले) ब्युपिवाकेन हे बधिर करणारे औषध १.६ मिली, म्हणजे ८ मिलिग्रॅम दिले. बधिरता टी ८ च्या (छातीच्या आठव्या मणक्याच्या नसेच्या पातळीच्या; आकडा लहान तितकी पातळी वर) वर गेली नाही आणि पेरिटोनियम (पोटाचे आतले अस्तर) ओढले जाताना तिला त्रास झाला. दुसरी १६३ सेंटिमीटर आणि ९४ किलोची होती. तिला २ मिली, म्हणजे १० मिलिग्रॅम दिले. तिची लेव्हल, म्हणजे बधिरतेची वरची हद्द, टी २ पर्यंत चढली, बोटांना मुंग्या आल्या आणि बीपी बराच वेळ खालीच राहिले. उंचीचा नियम खरा असता तर दोघींची लेव्हल जवळपास सारखी यायला हवी होती.

पुस्तकांत लिहिलेले असते की कमरेच्या भागातील सीएसएफचे (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचे) आकारमान कमी असेल तर औषध कमी पाण्यात मिसळते आणि ब्लॉक (बधिरता) वर जातो. एवढे समजले. परंतु ते आकारमान आपल्याला बाहेरून दिसत नाही. दिसतात ती उंची, वजन, बीएमआय, पोटाचा घेर आणि पाठीच्या कण्याची लांबी. या मापांवरून सीएसएफचा विश्वासार्ह अंदाज बांधता येतो का, आणि येत असेल तर त्यावरून डोसचे एखादे सूत्र तयार करण्याचा प्रबंध करणे योग्य ठरेल का, याविषयी आपले मत हवे आहे.

बालाघाट_भूलतज्ज्ञ

विषय चांगला आहे. फक्त सूत्राचा हट्ट सध्या बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन. कारण सांगतो.

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण सीएसएफ साधारण १५० मिली असते. स्पायनलच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा वाटा म्हणजे पाठीच्या खालच्या मणक्यांपासून सेक्रमपर्यंतच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडापर्यंतच्या) पिशवीतले पाणी. होगन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली २५ स्वयंसेवकांचे एमआरआय करून टी ११-१२ च्या चकतीपासून खाली हे आकारमान मोजले. सरासरी सुमारे ५० मिली आली. पण सरासरीपेक्षा बोलका आहे तो विस्तार: सर्वांत कमी २८ मिली आणि सर्वांत जास्त ८१ मिली. आपले १० मिलिग्रॅम या दोन टोकांच्या पाण्यात समप्रमाणात मिसळले असे क्षणभर मानले (प्रत्यक्षात ते तसे मिसळत नाही), तर एका व्यक्तीत दर मिलीला सुमारे ०.३६ मिलिग्रॅम येते आणि दुसरीत ०.१२. तोच डोस एकीला तिप्पट तीव्रतेने मिळाला. २००६ मध्ये ७१ रुग्णांवर त्रिमितीय एमआरआयने केलेल्या मोजणीत सरासरी सुमारे ३६ मिली आली आणि विस्तार १०.६ पासून ६१ मिलीपर्यंत गेला. दोन्ही अभ्यासांची मोजण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे सरासरींची तुलना करू नये. व्यक्तीव्यक्तींमधील तफावत मात्र दोन्हीकडे तितकीच मोठी आहे.

आता शरीराच्या मापांचा संबंध. होगन यांच्या अभ्यासात स्थूल व्यक्तींचे सीएसएफ सुमारे ४३ मिली आणि इतरांचे सुमारे ५३.५ मिली होते. पोटावर बाहेरून दाब दिल्यावर ते सरासरी ३.६ मिलीने घटले. पोटातला दाब वाढला की एपिड्युरल शिरा (कण्याच्या नळीतील, पण ड्युराच्या बाहेरच्या) फुगतात आणि त्या ड्युराची, म्हणजे सीएसएफ सामावणाऱ्या आवरणाची, पिशवी दाबतात, असे आपण वर्षानुवर्षे शिकत आलो. या लेखकांना मात्र प्रतिमांत मुख्यत्वे असे आढळले की मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून मऊ ऊती, म्हणजे चरबी वगैरे, आत सरकतात आणि पाण्याची जागा घेतात. पोटाचा घेर आणि सीएसएफ यांना जोडणारा खरा दुवा इथे आहे. वजनकाटा त्या दुव्याच्या जवळ जातो, पण त्याला तो दिसत नाही, कारण ९४ किलोमधले किती किलो पोटात आहेत आणि किती मांड्यांवर, हे काटा सांगत नाही.

उंचीचे तर आणखी वेगळे आहे. प्रौढांच्या उंचीतला बराचसा फरक पायांच्या हाडांमुळे पडतो आणि सीएसएफ काही पायांत नसते. कण्याची लांबी मोजली तर अर्थ थोडा जास्त निघतो, तरीही पूर्ण निघत नाही. ड्युराच्या पिशवीची लांबी दहा टक्क्यांनी वाढली तर आकारमान दहा टक्क्यांनीच वाढते. रुंदी सर्व बाजूंनी दहा टक्क्यांनी वाढली तर ते एकवीस टक्क्यांनी वाढते. शिवाय त्या पिशवीत कॉडा इक्वायनाची (मज्जारज्जूच्या टोकाखालच्या नसांच्या जुडग्याची) मुळे असतात आणि त्यांची जाडीही माणसागणिक बदलते. मोजपट्टी लांबी देते. रुंदी आणि मुळे तिच्या आवाक्याबाहेर राहतात.

१९९८ साली कारपेंटर आणि सहकाऱ्यांनी दहा स्वयंसेवकांना ५० मिलिग्रॅम हेवी लिग्नोकेन देऊन एमआरआयवरील आकारमानाशी ताडून पाहिले. आकारमान जितके कमी, तितका ब्लॉक वर आणि तो उतरायला जास्त वेळ, असा ठळक संबंध त्यांना मिळाला. त्याच अभ्यासात शरीराच्या बाह्य मापांपैकी वजन वगळता कशानेही आकारमानाचा अंदाज नीट आला नाही. म्हणजे प्रश्नाचा पहिला अर्धा भाग, सीएसएफ आणि लेव्हल यांचा संबंध, भक्कम आहे. दुसरा अर्धा, माप आणि सीएसएफ यांचा संबंध, सैल आहे. तुमचा प्रबंध या सैल भागावर असावा.

एक गोष्ट विचारायची राहिली. त्या दोन्ही महिलांना सुई बसवून दिली की कुशीवर? ज्या महिलेचे नितंब खांद्यांपेक्षा रुंद असतात, तिला कुशीवर झोपवले की कणा डोक्याकडे उतरता होतो आणि हेवी औषध इंजेक्शन देतानाच वर वाहते. रुंद खांद्यांच्या पुरुषात उतार उलटा असतो. हाही शरीराच्या मापांचाच परिणाम आहे. त्याचा सीएसएफच्या आकारमानाशी काहीही संबंध नाही आणि तो नोंदवला नाही तर दोष मात्र सीएसएफच्या माथी बसतो.

प्रसूतीभूल_नांदेड

सरांच्या विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु यातून "वजन जास्त म्हणून डोस कमी" असा निष्कर्ष कोणी काढू नये, यासाठी लिहिते आहे. आमच्याकडे तालुक्यावरून पाठवलेल्या महिलांमध्ये असा अर्धवट लागलेला ब्लॉक वारंवार दिसतो.

सिझरमध्ये हेवी ब्युपिवाकेनसोबत फेंटानिल आणि मॉर्फिन ही वेदनाशामके दिली असता ५० टक्के महिलांना पुरणारा डोस ७.६ मिलिग्रॅम आणि ९५ टक्के महिलांना पुरणारा डोस ११.२ मिलिग्रॅम, असे २००४ मध्ये जिनोसार आणि सहकाऱ्यांनी दाखवले. २०११ मध्ये बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असलेल्या महिलांवर कार्व्हाल्हो आणि सहकाऱ्यांनी तसाच अभ्यास केला, तेव्हा हे आकडे ९.८ आणि १५ मिलिग्रॅम आले. सीएसएफ कमी म्हणून गरजही कमी असेल, अशी अपेक्षा होती. आकडे खाली आले नाहीत. शिवाय स्थूल महिलेची शस्त्रक्रिया लांबते आणि ब्लॉक मध्येच उतरला तर तिला पूर्ण भूल देण्याची वेळ येते, तीही श्वासनलिका घालणे सर्वांत अवघड असलेल्या रुग्णाला. त्यामुळे अतिस्थूल महिलेत एका सुईत डोस कमी करून धोका पत्करण्यापेक्षा एपिड्युरल कॅथेटरसह (ड्युराबाहेर ठेवलेल्या बारीक नळीसह, जिच्यातून औषध पुन्हा देता येते) संयुक्त पद्धत वापरावी आणि लागेल तसे वाढवावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते. कॅथेटरचे सामान सगळीकडे नसते हे मान्य. नसेल तिथे मी नेहमीचाच डोस देते आणि फेनिलेफ्रिन किंवा मेफेन्टरमिन हे बीपी वाढवणारे औषध भरलेली सिरिंज सुई टोचण्याआधी हाताशी ठेवते.

उंचीविषयी. १९८८ साली नॉरिस यांनी पूर्ण दिवसांच्या ५० महिलांना प्रत्येकी १२ मिलिग्रॅम हेवी ब्युपिवाकेन दिले; लेव्हलचा उंचीशी, वजनाशी किंवा बीएमआयशी संबंध मिळाला नाही. त्याउलट २००१ मध्ये इटलीतील गटाने सिझरसाठी दर सेंटिमीटर उंचीला ०.०६ मिलिग्रॅम हा किमान परिणामकारक डोस दिला. हे वाचताना लक्षात ठेवावे की त्यांनी डोसच्या पायऱ्याच उंचीच्या हिशेबाने पाडल्या होत्या, त्यामुळे उंचीचा संबंध सिद्ध झाला असे नाही, तो आधीच गृहीत होता. तुमच्या १४२ सेंटिमीटरच्या महिलेला या हिशेबाने ८.५ मिलिग्रॅम येतात. तुम्ही ८ दिले होते. अशा महिलेत मी ९ च्या खाली सहसा उतरत नाही आणि सोबत फेंटानिल टाकते. २००५ मध्ये हार्टेन आणि सहकाऱ्यांनी उंची व वजनाचा तक्ता करून डोस बदलला आणि बीपी पडण्याचे प्रमाण कमी झाले, हेही खरे आहे; पण बीपी कमी पडणे आणि सीएसएफचा अंदाज बरोबर येणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

गर्भावस्थेत आणखी एक गुंता आहे. गर्भारपणात सीएसएफचे आकारमान घटते, त्याची घनताही थोडी कमी होते, नसा औषधाला अधिक संवेदनशील होतात आणि कमरेचा बाक वाढतो. बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांतच डोसची गरज पुन्हा वाढू लागते. त्यामुळे बाळंतपणानंतर लगेच टाक्याच्या ऑपरेशनला आलेल्या महिलेला सिझरच्या सवयीने कमी डोस दिला की ती टेबलवर हालते. गर्भवतीच्या पोटाचा घेर मोजताना तुम्ही गर्भाशय, गर्भजल आणि जुळी असतील तर तीही मोजता. तो घेर आणि मिलच्या हुंडेकऱ्याच्या पोटाचा घेर एकाच रकान्यात टाकू नका.

निवासी_लातूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन्ही महिलांना सुई उजव्या कुशीवरच दिली होती आणि दुसरीचे नितंब नक्कीच रुंद होते. टेबलचा उतार कोणी नोंदवलेला नाही. मॅडम, पहिलीला फेंटानिल दिलेले नव्हते.

आता विषय असा मांडावा का: एमआरआयसाठी येणाऱ्या रुग्णांत पोटाचा घेर, कण्याची लांबी, वजन आणि उंची मोजून सीएसएफच्या आकारमानाशी सहसंबंध काढणे? सहसंबंधाचा गुणांक ०.६ च्या आसपास आला तर त्यावरून डोस सुचवता येईल, असे माझ्या मार्गदर्शकांना वाटते.

आकडेमोड_परभणी

मी भूलतज्ज्ञ नाही. जनऔषधवैद्यक विभागात काम करतो आणि प्रबंधांची आकडेवारी तपासतो. त्यामुळे फक्त शेवटच्या वाक्यापुरते लिहितो.

गुणांक ०.६ आला तर त्याचा वर्ग ०.३६ होतो. म्हणजे सीएसएफमधील तफावतीपैकी ३६ टक्के त्या मापाने उलगडली आणि ६४ टक्के तशीच राहिली. याचा टेबलवर अर्थ काय, ते पाहा. समजा आकारमानाचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा विखुरलेपणा) १२ मिली आहे; होगन यांच्या अभ्यासात ते जवळपास एवढेच होते. तुमच्या मापाने अंदाज केल्यावर उरणारी चूक १२ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ९.६ मिली. ९५ टक्के खात्रीने बोलायचे तर अंदाजाच्या दोन्ही बाजूंना सुमारे १९ मिली. समीकरणाने "५० मिली" असे सांगितले, तर खरे उत्तर ३१ आणि ६९ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. एवढ्या रुंद पट्ट्यावरून एका रुग्णाचा डोस ठरत नाही. गटाची सरासरी मात्र ठरते. संबंध योगायोगाचा वाटत नाही असे सांगणारे पी-मूल्य ०.०१ आले म्हणून हा पट्टा अरुंद होत नाही, आणि परीक्षेत नेमका हाच प्रश्न विचारला जातो.

म्हणून प्रबंधात सहसंबंधाबरोबर अंदाजातील चुकीची मर्यादा मिलीमध्ये द्यावी. उंची, वजन आणि बीएमआय एकाच समीकरणात टाकू नयेत. बीएमआय हा त्या दोघांपासूनच बनतो आणि मग कोणत्याच गुणकाला अर्थ उरत नाही. समीकरण ज्या रुग्णांवर बनवले त्याच रुग्णांवर तपासले तर ते चांगलेच दिसणार, त्यामुळे काही रुग्ण तपासणीसाठी वेगळे राखून ठेवावेत.

बालाघाट_भूलतज्ज्ञ

परभणीच्या सरांनी फार नेमके सांगितले. मोजमापाच्या पद्धतीबद्दल मी भर घालतो, कारण आपल्याकडील प्रबंध बहुतेक वेळा याच ठिकाणी पातळ होतात.

पोटाचा घेर उताण्या स्थितीत, बेंबीच्या पातळीवर, साधा श्वास सोडून झाल्यावर मोजावा. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात परकराची नाडी गच्च बांधलेली असते आणि तिच्या वर-खाली पोटाला दोन वळ्या पडलेल्या असतात. नाडी सोडून थोडा वेळ जाऊ दिल्याशिवाय पट्टी लावली तर घेर खरा येत नाही. पुरुषांच्या कमरेला करदोडा असतो आणि पट्टी नकळत त्याच्याच रेषेवर बसते, जी बेंबीच्या बरीच खाली असते. आजीबाई नऊवारीत असतील तर मागचा कासोटा पट्टीखाली येतो. या तिन्ही गोष्टी मोजणाऱ्याला आधीच सांगून ठेवाव्यात. दोन निरीक्षकांनी एकमेकांचे आकडे न पाहता मोजावे आणि त्यांच्यातील फरकही प्रबंधात द्यावा.

कण्याची लांबी सातव्या मानेच्या मणक्याच्या टोकापासून सेक्रल हायेटसपर्यंत (सेक्रमच्या खालच्या टोकाच्या छिद्रापर्यंत) घेतात. रुग्ण वाकून बसला की ही लांबी वाढते आणि ताठ बसला की कमी होते, तेव्हा स्थिती एकच ठेवावी. मी कुशीवर, पाय पोटाशी घेतलेली स्थिती सुचवेन, कारण सुई देताना तीच असते. २०१४ मध्ये चीनमधील एका अभ्यासात साध्या ब्युपिवाकेनचा प्रसार पोटाचा घेर आणि कण्याची लांबी या दोन मापांवरून बऱ्यापैकी समजला. ते औषध हेवी नव्हते हे ध्यानात असू द्या. हेवी औषध पाठीवर झोपवल्यावर कमरेच्या बाकावरून दोन्हीकडे घरंगळते, वरचा भाग टी ५-६ च्या खोलगट भागात साचतो, आणि या गुरुत्वाकर्षणाच्या खेळात आकारमानाचा परिणाम काही अंशी झाकला जातो. आपल्या ओटीत (शस्त्रक्रियागृहात) बहुधा हेवीच असते, म्हणून तिकडचे गुणक इकडे तसेच उचलता येणार नाहीत.

एमआरआयसाठी येणारे बहुतेक रुग्ण कंबरदुखीचे असतात आणि त्यांतल्या अनेकांचा कणा अरुंद झालेला असतो. तसे रुग्ण वगळावेत. आपल्या भागात आणखी एक बाब आहे: नांदेडसह काही जिल्ह्यांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असलेली गावे आहेत, आणि हाडांचा फ्लोरोसिस झालेल्या रुग्णात अस्थिबंध कडक होतात, कण्याची नळी अरुंद होते. अशा रुग्णाचे पोट सपाट असले तरी सीएसएफ कमीच असू शकते, आणि सुई आत शिरताना दगडात गेल्यासारखी लागते. गाव आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत विचारायला एक मिनिट लागते. तो रकाना तक्त्यात असावा.

बालभूल_संभाजीनगर

थोडक्यात भर. विषय प्रौढांपुरताच ठेवावा. नवजात बाळात सीएसएफ दर किलोला सुमारे ४ मिली, लहान मुलांत ३ आणि प्रौढांत २ मिली धरतात. शिवाय बाळांत त्यातला जवळपास निम्मा भाग कण्यात असतो, तर प्रौढांत हा वाटा त्याहून कमी असतो. त्यामुळे किलोच्या हिशेबाने बाळाला डोस जास्त लागतो आणि तरीही ब्लॉक लवकर उतरतो. हर्नियाच्या बाळात आम्ही वजनावरून डोस काढतो आणि तो चालतो, कारण तिथे वजनाबरोबर आकारमान खरोखर वाढते. प्रौढात वजन चरबीने वाढते, सीएसएफ वाढत नाही. याच फरकामुळे बालरुग्णांची सवय प्रौढांत उपयोगी पडत नाही.

निवासी_लातूर

सर्वांचे पुन्हा आभार. सूत्राचा भाग वगळून "बाह्य मापांवरून सीएसएफचा अंदाज आणि त्यातील चुकीची मर्यादा" असा विषय मार्गदर्शकांपुढे ठेवणार आहे. एक व्यावहारिक शंका उरली आहे. स्थूल रुग्णांत सेक्रल हायेटस बोटाला लागत नाही, आणि इलियाक क्रेस्टची (कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेची) रेषाही चरबीमुळे नेमकी कळत नाही. अशा वेळी कण्याची लांबी कशी घ्यावी?

प्रसूतीभूल_नांदेड

सोनोग्राफीने घ्यावी. केवळ हाताने चाचपून मणक्याची जागा ओळखण्याची आपली क्षमता फार कमी आहे. २००० साली ब्रॉडबेंट आणि सहकाऱ्यांनी एमआरआयशी ताडून पाहिले तेव्हा भूलतज्ज्ञांनी सांगितलेली जागा २९ टक्के वेळाच बरोबर निघाली आणि चुकली तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला वाटते त्यापेक्षा वर होती. मज्जारज्जू एल १-२ (कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यां) पाशी संपतो, म्हणून ही वरची चूक केवळ लांबीच्या आकड्यापुरती मर्यादित नाही. तसेच तुम्ही "एल ३-४" समजून एका रुग्णात एल २-३ ला औषध दिले तर त्याची लेव्हल वर जाईल आणि खापर पुन्हा पोटाच्या घेरावर फुटेल. त्यामुळे डोस दिलेल्या रुग्णांचाही अभ्यासात समावेश करणार असाल तर सुईची जागाही सोनोग्राफीनेच नोंदवा.

यंत्र ओटीत आणण्याआधी पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान प्रतिबंधक) कायद्याखालील नोंदणीत ते यंत्र, ती जागा आणि तुमचे नाव आहे का, हे मात्र लेखी तपासून घ्यावे. यंत्र कण्यासाठी वापरले तरी नियम तोच लागू होतो, आणि रेडिओलॉजीचे यंत्र "दहा मिनिटांसाठी" वरच्या मजल्यावर नेणे आपल्या जिल्ह्यांत कोणी खपवून घेत नाही. नोंदणीत वेळ जातो, म्हणून नैतिक समितीकडे अर्ज करतानाच तोही अर्ज टाकावा. किंवा सरळ रेडिओलॉजी विभागातच, एमआरआयच्या आधी, तिथल्या डॉक्टरांकडून दोन्ही खुणा त्वचेवर पेनाने करून घ्याव्यात आणि पट्टी तिथेच लावावी.